लेपा की लियेपा? युगोस्लाव्हियाच्या गायिकेवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात युगोस्लाव्हिया, म्हणजे सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया वगैरे मिळून झालेला देश, का फुटला या प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लेपा ब्रेना या गायिकेचं नाव घेतलं होतं. देश गेला पण हिची गाणी सगळीकडे राहिली, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून यावेळचं सगळं सदर तिलाच देतेय. मला मनापासून आनंद झालाय, कारण मी हिची गाणी वीसेक वर्षं ऐकतेय आणि हिच्याबद्दल मराठीत कुणाशी बोलायला मिळेल असं कधी वाटलंच नव्हतं.

प्रश्न : ताई, हिचं खरं नाव हेच का? आणि लेपा ब्रेना म्हणजे काय?

खरं नाव फाहरेता याहिच. जन्म २० ऑक्टोबर १९६० चा, बोस्नियातल्या तुझला शहरातला, पण वाढली ब्रच्कोमध्ये. हे ब्रच्को सावा नदीच्या काठावर आहे, पलीकडच्या काठावर क्रोएशिया. घर बोस्नियन मुसलमान, तीन भावंडांत ही सगळ्यात धाकटी. शाळेत असताना बास्केटबॉल खेळायची, उंच होती, तिथल्या कोचने तिला ब्रेना म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. लेपा हे नंतर लागलं, मिनिमॅक्स म्हणून तिथला खूप लोकप्रिय रेडिओ-टीव्हीवाला होता, त्याने ते जोडलं. लेपा म्हणजे सुंदर.

आता इथे एक बारीकशी गोष्ट आहे जी मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली, आणि ती कळली की हिचं सगळं आयुष्य वेगळं दिसायला लागतं. ही भाषा एकच, पण बोलायच्या पद्धती दोन. सर्बियात बहुतेक लोक सुंदरला "लेपा" म्हणतात, बोस्नियात आणि क्रोएशियात "लियेपा". गाते या शब्दाचंही तसंच, बेलग्रेडमध्ये "पेवा", साराजेवोमध्ये "प्येवा". म्हणजे ही बोस्नियातली मुलगी, हिच्या गावात कुणी हिला सुंदर म्हटलं तर लियेपा म्हणणार, आणि ती फेमस झाली ते सर्बियन उच्चाराच्या नावाने. तेव्हा याचं कुणाला काही वाटलं नाही. पुढे दहा वर्षांनी याच एका "ये"वरून समोरचा आपला की परका ते ओळखायला लागले लोक.

प्रश्न : गाण्यात आली कशी? घरात कुणी गाणारं होतं का?

घराण्याबिराण्याची गोष्ट नाही ही. शिकायला म्हणून घरातून बाहेर पडली आणि बँडमध्ये शिरली. त्या काळी तिकडे हॉटेलांमध्ये आणि कफानांमध्ये रोज रात्री लाइव्ह बँड वाजायचे. कफाना म्हणजे काय ते सांगते, खानावळ, दारूचं दुकान, गप्पांचा अड्डा आणि गाण्याची बैठक हे सगळं एकाच छताखाली. गायिका टेबलाटेबलांमधून फिरत गाते, लोक फर्माईश करतात, खुश झाले की नोटा देतात. बाल्कनमधले भलेभले गायक याच शाळेतून आलेत.

लिरा शो नावाचा असाच एक बँड होता, त्यांची आधीची गायिका सोडून गेली आणि तिच्या जागी ही आली. १९८० च्या एप्रिलमध्ये बाचका पालांका या डॅन्यूबकाठच्या छोट्या गावातल्या हॉटेलात ती त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गायली. बँडचा म्होरक्या साशा पोपोविच, त्याला सुरुवातीला ही पसंत नव्हती, आणि पुढे त्याच दोघांनी चाळीस वर्षांच्या वर एकत्र काम केलं! बँडचं नाव बदलून स्लात्की ग्रेह ठेवलं, म्हणजे गोड पाप. १९८२ मध्ये पहिला अल्बम आला तो चाचाक या सर्बियातल्या गावाच्या नावाचा, आणि त्याच वर्षाच्या शेवटी दुसरा, मग मागे वळून बघितलंच नाही.

दुसऱ्या अल्बममधलं मुख्य गाणं मी तुम्हाला जरा जवळून दाखवते, कारण पुढचं सगळं त्याच्यात आहे. त्यातल्या मुलाला, मिलेला, डिस्को आवडतं. मुलीला आवडतं सर्बियातल्या शुमादिया भागाचं कोलो, कोलो म्हणजे हातात हात घालून गोल करून नाचतात तो नाच. आता दोघांचं जमायचं कसं, तर अकॉर्डियनवरच डिस्को वाजवायचं. झालं, एवढंच गाणं. पण ते ऐकताना नीट लक्ष द्या, खाली ड्रम आणि बेस डिस्कोचा ठोका धरून आहेत आणि वर अकॉर्डियन गावच्या लग्नातल्यासारखं पळतंय, म्हणजे जे शब्दांत सांगितलंय तेच वाद्यं प्रत्यक्ष करून दाखवतायत. खेड्यातून शहरात कारखान्यात कामाला आलेली लाखो माणसं होती तेव्हा, गाव सुटलेलं आणि शहर अजून आपलं झालेलं नाही अशी, त्यांना हे गाणं स्वतःचं वाटलं नसतं तरच नवल.

१९८३ मध्ये ही थेट युरोव्हिजनसाठीच्या, म्हणजे युरोपातल्या देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेसाठीच्या, युगोस्लाव्ह निवड स्पर्धेत उतरली, नोव्ही सादला. ती स्पर्धा पॉपवाल्यांची, तिथे लोकगीताची गायिका म्हणजे सगळ्यांच्या भुवया वर. जिंकली नाही, जिंकला दानियेल नावाचा मुलगा, तो पुढे म्युनिकला चौथा आला. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

प्रश्न : टर्बो-फोक म्हणजे नक्की काय? मी इंटरनेटवर वाचलं की ही त्याची राणी आहे, दुसरीकडे वाचलं की हिचा त्याच्याशी संबंध नाही.

दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे, जरा सावकाश सांगते.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे लोकगीतांच्या चालीवर नवीन गाणी रचायची लाट आली, त्याला म्हणायचे नवरचित लोकसंगीत. रेडिओवाले, प्राध्यापक, समीक्षक यांना ते अजिबात आवडायचं नाही, खरं लोकगीत नाही आणि शहरी संगीतही नाही असं त्यांचं म्हणणं. १९७० च्या दशकात तर सरकारने टॅक्सच बसवला, "शुंड" म्हणजे टाकाऊ कला ठरलेल्या रेकॉर्डवर आणि पुस्तकांवर जास्तीचा कर. कमिटी बसायची आणि ठरवायची की हे कला आणि हे शुंड. तरी लोकांनी ऐकायचं सोडलं नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात मजुरीला गेलेले जे लाखो युगोस्लाव्ह होते ते सुट्टीला गावी आले की कॅसेटी भरभरून परत घेऊन जायचे.

टर्बो-फोक हा शब्द काढला रॅम्बो अमाडेअस या माँटेनेग्रोच्या संगीतकाराने, १९८० च्या दशकाच्या शेवटी, अर्धा गमतीने. मग १९९१ मध्ये लढाई सुरू झाली, सर्बियावर निर्बंध आले, आणि त्या काळात सिंथेसायझर आणि टेक्नोचे ठोके घेऊन जे लोकगीत आलं, त्याच्याबरोबर चकचकीत व्हिडिओ, गाड्या, सोनं, त्याला हा शब्द कायमचा बसला. १९९४ मध्ये पिंक टीव्ही सुरू झाला आणि दिवसरात्र हेच.

तर ब्रेना ही त्याच्या आधीची. तिने दार उघडलं असं मी म्हणेन. लोकगीताच्या गायिकेने छोटा स्कर्ट घालून रॉकवाल्यांसारखा शो करायचा, मॅनेजर ठेवायचा, सिनेमे काढायचे, स्टेडियम भरायची हे तिच्या आधी कुणी केलं नव्हतं, आणि नंतरच्या प्रत्येकीने तेच केलं. पण तिच्या १९८० च्या दशकातल्या गाण्यांत जो हसरेपणा आहे, म्हणजे अगदी भाबडा आनंद, तो नव्वदच्या टर्बो-फोकमध्ये नाही, तिथे सगळं विश्वासघात आणि बदला आणि जळणं. तिला टर्बो-फोकची आई म्हणा, मला चालेल. राणी म्हणू नका, ती गादी दुसरीची आहे आणि तिच्याबद्दलही प्रश्न आलाय.

प्रश्न : मी शास्त्रीय गाणं शिकते. या गाण्यांत आवाज मध्येच थरथरतो तो आपल्या हरकतीसारखा वाटतो, हा माझा भास आहे का?

भास नाही गं, तुझा कान चांगला आहे. बोस्निया १४६३ पासून १८७८ पर्यंत ऑटोमन तुर्कांकडे होता, सर्बियाही कित्येक शतकं, त्यामुळे सूर पूर्वेकडून आलेले आहेत. बोस्नियाचं जुनं प्रेमगीत आहे सेव्हदालिंका, त्यातला सेव्हदा हा शब्द तुर्कीतून आलाय आणि मुळात अरबीतला, काळं पित्त असा त्याचा अर्थ, म्हणजे प्रेमात माणसाला जी उदासी येते ती. त्या चालींमध्ये कोमल रिषभावरून एकदम शुद्ध गंधारावर उडी असते, भैरवमध्ये आपण घेतो तीच. आणि स्वराच्या शेवटी मुरकीसारखं जे येतं त्याला ते त्रिलेर म्हणतात, कफानाच्या गायिकेची परीक्षा त्याच्यावर.

पण ब्रेना यात सगळ्यात मोठी आहे असं मी म्हणणार नाही, माझं ती इतकी लाडकी असून. तिचा आवाज उजळ आणि सरळ, मुरक्या बेताच्या. तुला खरं तेच ऐकायचं असेल तर आधी जुन्या सेव्हदालिंका ऐक आणि मग हिच्याकडे ये, म्हणजे हिने काय घेतलं आणि काय सोडलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : हेलिकॉप्टरने स्टेजवर उतरायची हे खरं का?

हो, एकदा. २४ जुलै १९९०, बल्गेरियाची राजधानी सोफिया, लेव्हस्की स्टेडियम. लाखाच्या वर माणसं होती असं सांगतात. आठ महिन्यांपूर्वीच तिथली झिव्हकोव्हची कम्युनिस्ट राजवट पडली होती, ते लोक नुकते मोकळे झालेले, आणि शेजारच्या देशातली सोनेरी केसांची बाई आकाशातून खाली येतेय!

त्याच्या आधी १९८४ मध्ये रुमानियात तिमिश्वारा शहरात कार्यक्रम झाला होता, साठ-पासष्ट हजार लोकांचा. रुमानियात तेव्हा चाउशेस्कूची हुकूमशाही, टीव्हीवर बघण्यासारखं काही नसायचं, पण तिमिश्वारा सरहद्दीजवळ असल्यामुळे तिथल्या लोकांच्या घरी युगोस्लाव्ह टीव्ही दिसायचा. भाषा वेगळी, तरी गाणी पाठ. पुढे बल्गेरियात चाल्गा आणि रुमानियात मानेले ही जी गाणी आली त्यांची मुळं बरीच आहेत, रोमा वादकांपासून तुर्की गाण्यांपर्यंत, पण सरहद्दीपलीकडून आलेला हा वाराही त्यात आहेच.

प्रश्न : तुम्ही मागे लिहिलंत की देश गेला, गाणी राहिली. पण ही स्वतः बोस्नियन मुसलमान आणि राहायला बेलग्रेडला. लढाईत हिचं काय झालं?

या प्रश्नाची मी वाट बघत होते.

१९८९ मध्ये तिने एक गाणं केलं, युगोस्लोव्हेन्का, म्हणजे युगोस्लाव्ह बाई. त्यात तीन पुरुष गायक तिला विचारतात की तू कुठली, आणि ती सांगते माझे डोळे म्हणजे एड्रियाटिक समुद्र, माझे केस म्हणजे पॅनोनियाच्या मैदानातली गव्हाची कणसं, मी युगोस्लाव्ह. हे तीन गायक कोण, तर एक तो दानियेल, १९८३ च्या स्पर्धेत हिच्यापुढे गेलेला, दुसरा क्रोएशियाचा व्लादो कालेंबेर आणि तिसरा बोस्नियाचा आलेन इस्लामोविच. समुद्र क्रोएशियाच्या बाजूचा, गव्हाचं मैदान उत्तरेचं, सगळा देश एका बाईच्या चेहऱ्यावर मांडलेला. आणि हे १९८९ साल, म्हणजे राजकारणात फुटाफूट सुरू झालेली. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते आनंदाचं वाटलं होतं, आता तारीख माहीत असल्यामुळे तसं ऐकताच येत नाही.

१९९१ च्या जूनमध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया वेगळे झाले. १८ नोव्हेंबरला क्रोएशियातलं व्हुकोव्हार शहर पडलं, ८७ दिवसांच्या वेढ्यानंतर. आणि ७ डिसेंबरला, म्हणजे तीन आठवडेही झाले नव्हते, बेलग्रेडच्या इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलमध्ये ब्रेनाचं लग्न झालं. नवरा स्लोबोदान झिवोयिनोविच, सगळे बोबा म्हणतात, टेनिसपटू, १९८६ ला विम्बल्डनच्या सेमीफायनलपर्यंत गेलेला, सर्ब. बाहेर रस्त्यावर माणसांची ही गर्दी, आणि तिचा मॅनेजर राका ज्योकिच, त्याने लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढून विकली. लोक म्हणतात बाहेर माणसं मरत होती आणि यांचं काय चाललं होतं. मी त्या गर्दीचा बराच विचार केलाय. मला वाटतं त्यातल्या पुष्कळांना डोळ्यांनी बघायचं होतं की एक बोस्नियन मुसलमान मुलगी आणि एक सर्ब मुलगा अजून लग्न करू शकतात. तसं घराघरांत होतं तिथे, कित्येक जोडपी अशीच, आणि त्यांना रात्री झोप लागत नव्हती.

पुढच्या वसंतात लढाई बोस्नियात आली. मे १९९२ मध्ये ब्रच्कोमध्ये, तिच्या गावात, सावा नदीच्या काठावरच्या बंदरात लुका नावाची छावणी उभी केली गेली आणि तिथे सर्ब फौजांनी मुसलमान आणि क्रोएट माणसं मारली, हे हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयात सिद्ध झालेलं आहे. त्याच महिन्यात तिचा पहिला मुलगा जन्माला आला, न्यूयॉर्कला. मी जेव्हा जेव्हा हे दोन्ही एकत्र वाचते तेव्हा पुढे वाचवत नाही.

१९९३ मध्ये तिचा अल्बम आला, नावाचा अर्थ "मला दुसरं घर नाही". सर्बियात तेव्हा महागाई अशी की नोटेवर शून्यं मावेनात, त्या वर्षाच्या शेवटी ५०० अब्ज दिनारची नोट निघाली, पाचावर अकरा शून्यं, तिच्यावर झ्माय या लाडक्या बालकवीचं चित्र. सकाळी पगार झाला की धावत जाऊन काहीतरी विकत घ्यायचं, संध्याकाळी त्याच पैशात काही येणार नाही. त्यात कोण अल्बम घेणार. तरी तिने काढला, आणि नाव काय ठेवलं बघा. तिचा मॅनेजर ज्योकिचही त्याच वर्षी वारला.

काही लोक, विशेषतः बोस्नियातले, तिला विचारतात की तू तेव्हा बोलली का नाहीस. तो प्रश्न रास्त आहे, ज्यांची माणसं ब्रच्कोत गेली त्यांनी तो विचारायचाच, आणि त्याचं उत्तर तिच्या वतीने मी देणार नाही. मला दिसतं ते एवढंच की तिने स्वतःला शेवटपर्यंत युगोस्लाव्ह म्हणायचं सोडलं नाही, बाकीचे सोडत होते तेव्हाही, आणि त्याबद्दल तिन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. २००९ मध्ये ती साराजेवो आणि झाग्रेबला पुन्हा गायला गेली तेव्हा बाहेर निषेध झाला आणि आत हॉल भरलेला.

प्रश्न : तिच्या मुलाचं अपहरण झालं होतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. २३ नोव्हेंबर २०००, मोठा मुलगा आठ वर्षांचा, बेलग्रेडच्या झेमुन नावाच्या गुन्हेगार टोळीने उचलला होता. २५ लाख जर्मन मार्क खंडणी दिल्यावर काही दिवसांनी मुलगा सुखरूप परत आला. मार्क यासाठी की तिकडे दिनारवर कुणाचा विश्वास उरलेला नव्हता, घर-गाडी-खंडणी सगळं मार्कातच. याच टोळीतल्या माणसांनी पुढे मार्च २००३ मध्ये सर्बियाचा पंतप्रधान झोरान जिंजिचचा खून केला. याहून जास्त मी लिहीत नाही, आईच्या दुःखाचा तो भाग तिचा तिच्याकडे राहू दे.

प्रश्न : त्सेत्सा आणि ब्रेना यांत मोठी कोण? मला त्सेत्साचा आवाज जास्त आवडतो.

टर्बो-फोकची गादी दुसरीची म्हटलं ती हीच. आवाज त्सेत्साचाच मोठा, यात वादच नाही. खरं नाव स्वेतलाना, जन्म १९७३, दक्षिण सर्बियातल्या झितोराजा गावात वाढली, पंधराव्या वर्षी पहिला अल्बम. तिची १९९० च्या दशकातली गाणी, मारिना तुत्साकोविचचे शब्द आणि अलेक्सांदार मिलिचच्या चाली, ती लागली की हातातलं काम थांबतं. दुखावलेली बाई रागाने उभी राहते तो जो सूर आहे तो तिच्याइतका कुणालाच जमला नाही.

पण तिच्या आयुष्याकडे डोळेझाक करून ते ऐकता येत नाही मला, आणि तुम्हीही माहीत करून घ्या असं मी सांगेन. फेब्रुवारी १९९५ मध्ये तिने झेल्को राझ्नातोविच उर्फ आर्कानशी लग्न केलं. हा वाघ नावाच्या सशस्त्र टोळीचा म्होरक्या, क्रोएशिया-बोस्नियात त्या टोळीने काय केलं ते जगाला माहीत आहे, हेगच्या न्यायालयाने त्याच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचं आरोपपत्र काढलं होतं. खटला चालायच्या आधीच १५ जानेवारी २००० ला बेलग्रेडमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं, त्याच इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलमध्ये जिथे आठ वर्षांपूर्वी ब्रेनाचं लग्न झालं होतं. २००३ ला जिंजिचच्या खुनानंतरच्या धरपकडीत त्सेत्साही काही महिने कोठडीत होती. मग २०११ मध्ये फुटबॉल क्लबच्या पैशांचा अपहार आणि बेकायदा शस्त्रं या प्रकरणात गुन्हा कबूल करून एक वर्ष घरातच कैद आणि १५ लाख युरो भरले. आणि हे सगळं होऊनसुद्धा तिच्या कार्यक्रमांना बेलग्रेडची मैदानं भरतात, २००२ ला तर रेड स्टार या फुटबॉल क्लबचं स्टेडियम भरलं होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझ्या घरात दोघी वाजतात. पण त्सेत्सा लावली की मी एकटी ऐकते, ब्रेना लावली की दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावीशी वाटते.

प्रश्न : ती आता काय करते? आणि नवीन माणसाने ऐकायला कुठून सुरुवात करावी?

१९९८ मध्ये साशा पोपोविच आणि नवऱ्याबरोबर तिने ग्रँड प्रॉडक्शन काढलं, रेकॉर्ड कंपनी, टीव्ही कार्यक्रम सगळं. २००४ पासून त्यांचा गाण्याच्या स्पर्धेचा शो आला, झ्वेझदे ग्रांदा, त्यात बोस्निया, मॅसेडोनिया, माँटेनेग्रो, क्रोएशिया कुठकुठून मुलं यायची, आणि लढाईनंतर या सगळ्या देशांतले लोक एकाच वेळी एकच कार्यक्रम बघतायत असं पहिल्यांदा झालं. त्या शोने सगळ्यांचे आवाज एका साच्यातून काढले अशी तक्रार आहे आणि ती मला पटते, दहा मुलं गायली तर नऊ सारखीच वाटतात. पुढे कंपनी युनायटेड ग्रुपकडे गेली.

२०११ ला बेलग्रेडच्या अरेनात तिने सलग दोन रात्री कॉन्सर्ट केले, पहिली रात्र २० ऑक्टोबर, तिचा वाढदिवस. आणि २०१८ मध्ये जो अल्बम आला त्याचं नाव आहे "पेवा म्हटलं काय नि प्येवा म्हटलं काय, त्याने काय बिघडतं". सुरुवातीला सांगितलेला तो "ये" आठवला का? साठीला आलेल्या बाईने अल्बमच्या कव्हरवर तोच घातला.

ऐकायला सुरुवात मिलेपासून करा, डिस्को आणि कोलो. मग १९८४ चे अल्बम. युगोस्लोव्हेन्का लगेच ऐकू नका, आधी तिची पाच-सहा हलकीफुलकी गाणी कानात बसू द्या, मग ते लावा, नाहीतर ते नुसतं देशभक्तीचं गाणं वाटेल. ९० नंतरची गाणी सगळ्यात शेवटी.

शेवटचं एक सांगते आणि थांबते. मी एकदा बेलग्रेडहून साराजेवोला रात्रीच्या बसने जात होते. द्रीना नदी आली की सरहद्द, अलीकडे माली झ्वोर्निक, पलीकडे बोस्निया. कंडक्टर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून खाली उतरला, बस उभी, दिवे लावलेले, सगळे गप्प, तिथे सगळे नेहमी गप्पच होतात असं मला शेजारच्या आजींनी नंतर सांगितलं. ड्रायव्हरने रेडिओचा आवाज थोडा वाढवला तर मिले लागलं होतं. मागून कुणीतरी अगदी हळू गुणगुणायला लागलं. मग आजी. मग पुढच्या सीटवरचा मिलिटरीतून रिटायर झाल्यासारखा दिसणारा माणूस, त्याने खिडकीकडे तोंड ठेवूनच बोटांनी सीटच्या दांड्यावर ठेका धरला. गाणं संपल्यावर आजी म्हणाल्या "लेपो", छान, आणि ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला "लियेपो, आजी, आता पूल ओलांडतोय आपण, लियेपो", आणि बसमधले सगळे हसले. कंडक्टर पासपोर्टांचा गठ्ठा घेऊन वर आला तेव्हा त्याला कळेना की झालंय काय, आणि नावं वाचून एकेक पासपोर्ट परत देईपर्यंत मागे कुणीतरी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं.